पाठीला डबा

मी पोहायला शिकले टिळक तलावावर, आणि शिकताना पाठीला डबा होता. चौकोनी, पत्र्याचा, कडांना डाग देऊन बंद केलेला, त्याला जाडसर पट्टा. सकाळी साडेसहाला बाबा स्कूटरवरून घेऊन जायचे. तिथले मास्तर तो पट्टा इतका आवळायचे की पोटावरचा वळ दुपारपर्यंत जायचा नाही. पुण्यात माझ्या पिढीच्या बऱ्याच जणांनी हा डबा वागवलेला आहे. "डबा सुटला का?" हा त्या मे महिन्यातला सगळ्यात लागट प्रश्न. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलाचा आठव्या दिवशी सुटला, माझा एकविसाव्या. मधले तेरा दिवस मी त्याच्याशी बोलत नव्हते.

पंचेचाळिशीत पाठीवर परत डबा आला. या खेपेला ॲल्युमिनियमचा, चौदा-पंधरा किलोंचा, आत दोनशे बार दाबानं कोंबलेली हवा. पहिल्या डब्यानं तरंगायला शिकवलं, हा बुडायला शिकवतो असं मी तेव्हा घरी ऐटीत सांगितलं होतं. ते पूर्ण खरं नव्हतं, पण त्याकडे नंतर येते.

सिलिंडर लावून समुद्रात बुड्या मारणाऱ्या आमच्या गटाला नाव नाही. चौदा-पंधरा माणसं, त्यातली सात-आठ नेहमीची. हिंजवडीतली दोन पोरं, जी ट्रॅफिकच्या नावाखाली कायम उशिरा येतात. एक दाताची डॉक्टरीण. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. नौदलातले एक काका, ज्यांची निम्मी नोकरी लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात गेली. "नौदलात राहून मी पाण्यापेक्षा धुकं जास्त बघितलं," असं ते स्वतःच सांगतात. एक काकू, शाळेतून निवृत्त, वय त्रेसष्ट. आणि मास्तर. मास्तरांना बाकी सगळे 'सर' म्हणतात. मास्तर हा शब्द माझा, टिळक तलावापासूनचा.

पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. मालवण गाठायचं तर पावणेचारशे किलोमीटर आणि एक घाट. त्यामुळे आमचं पाणबुडेपण असं की वर्षातले दहा दिवस पाण्याखाली आणि उरलेले तीनशे पंचावन्न दिवस त्याच्या गप्पा. गप्पांच्या बाबतीत आमचा गट कुठल्याही बेटावरच्या लोकांना ऐकायचा नाही.

सरावाला गुरुवार, रात्री नऊ ते दहा. शहराच्या पश्चिमेकडचा एक तलाव. नाव सांगत नाही, कारण पुढे भांडणाचा मजकूर आहे. खोल बाजूला साडेतीन मीटर पाणी. तिथं आम्ही मांडी घालून अधांतरी बसायचा प्रयत्न करतो, मास्क काढून परत घालतो, सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर सोडून देऊन चाचपडत शोधतो, आणि एकाच्या सिलिंडरमधली हवा दोघांनी घ्यायचा सराव करतो. काठावरून बघणाऱ्याला हे सगळं वेड्यांच्या इस्पितळातल्या व्यायामासारखं दिसत असणार. वॉचमन आम्हाला 'टाकीवाले' म्हणतो.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात हिंजवडीतल्या एकानं भरलेलं सिलिंडर उभं करून ठेवलं आणि तो फोन घ्यायला गेला. सिलिंडर उभं सोडायचं नाही, आडवं ठेवायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ते पडलं. तीन फरशा गेल्या. वाटलं, भरपाई देऊन मोकळे होऊ. पण त्या फरशा तीसेक वर्षांपूर्वीच्या, फिक्या निळ्या, कडेला बारीक पांढरी नक्षी असलेल्या, आणि तशा फरशा आता कुणी बनवत नाही. व्यवस्थापनानं आमची वेळ काढून घेतली आणि भिंतीवर पाटी लावली: 'टाक्या आणणाऱ्यांनी फरशी ही सार्वजनिक मालमत्ता असून आपल्या टाकीपेक्षा ज्येष्ठ आहे हे ध्यानात घ्यावे.' दोन महिने आम्ही तलावाबाहेर. शेवटी बँकवाले साहेब दर मंगळवारी त्यांच्या कार्यालयात जाऊन नुसते बसायला लागले. काही मागायचे नाहीत, पेपर वाचायचे. पाचव्या मंगळवारी वेळ परत मिळाली, रबरी चटया आम्ही घालायच्या या अटीवर.

तिथल्या जीवरक्षकाबद्दल सांगायला हवं. पस्तिशीचा असेल. सिलिंडर बंद असलेल्या त्या दोन महिन्यांत आम्ही पैसे भरून साधे पोहायला जायचो, तेव्हा त्याच्याशी बोलणं वाढलं. नदीत किंवा धरणात कुणी बुडालं की शोधायला बोलावतात त्या पोरांमधला तो एक. त्याच्याकडे ना सिलिंडर, ना मास्क. दोर, गळ आणि छातीत मावेल तेवढा श्वास. पावसाळ्यातल्या नदीच्या पाण्यात हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नाही. तो म्हणाला, "हातानं बघायचं ताई. चिखल कसा लागतो, कापड कसं लागतं, ते हाताला कळतं." आणि मग आमच्या चटयांकडे बघत, "तुमचं बरंय. तुम्ही बघायला जाता, आम्ही शोधायला." त्यात टोमणा नव्हता. मलाच तो लागला. त्याच्या त्या बोलण्यानंतर कितीतरी दिवस मला आमच्या ग्रुपवरचे मास्कबिस्क घातलेले फोटो बघवेनात.

जानेवारीत मालवणला गेलो. काकूंची ती पहिली समुद्रातली सहल. काकू पोहायला शिकल्या सासवडजवळ, मामाच्या विहिरीत, पाठीला पांगऱ्याचा वाळलेला बिंडा बांधून. त्यामुळे पाण्याची भीती म्हणाल तर शून्य. पण मास्कमध्ये पाणी शिरलं की त्या गडबडायच्या. पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, परत घालायचा, वरची कड कपाळाला दाबायची आणि नाकानं हवा सोडून आतलं पाणी बाहेर ढकलायचं. एवढं यायला त्यांना आठ गुरुवार लागले. मास्तरांनी एकदाही घाई केली नाही. सातव्या गुरुवारी मात्र हिंजवडीतला एक जण घड्याळाकडे बघताना मी पाहिलं. खरं सांगायचं तर मीही बघितलं होतं.

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळा कारभार खुणांचा. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'वर चला, डाइव्ह संपली'. नवीन माणूस हमखास चुकतो. मासा दिसला म्हणून आनंदानं अंगठा दाखवतो आणि मग सगळे त्याला घेऊन वर येतात. जमिनीवर आपण अंगठा दाखवतो तो ठेंगा, दुसऱ्याचं काम अडवायला. पाण्याखालचा अंगठा मोडता येत नाही. कुणीही, केव्हाही, कुठल्याही कारणानं दाखवावा. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. आणि प्रत्येकाला जोडीदार असतो, त्यामुळे एकानं अंगठा दाखवला की दुसऱ्यानंही वर यायचं. हे शेवटचं वाक्य पुस्तकात वाचताना किती निरुपद्रवी वाटतं.

काकूंची जोडीदार मी होते.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला खडपांपाशी होडी लावली. महाराजांनी १६६४ मध्ये ज्या बेटावर पाया घातला त्याचीच ही भावंडं, पाण्याच्या वर डोकं काढलेली आणि न काढलेली. तांडेलानं आधीच सांगितलं होतं, "आज पाणी गढूळ आसा. काय दिसूचा नाय." चारेक मीटरपर्यंत दिसत होतं. आमच्या शेजारच्या होड्यांवर पर्यटकांची झुंबड. त्यांना दंडाला धरून खाली नेतात, माशांना बिस्किटाचा चुरा टाकून गोळा करतात, व्हिडिओ काढतात आणि वर आणतात. आमच्यातल्या काहींना त्यांच्याकडे बघून नाकं मुरडायची सवय आहे. माझंही पहिलं बुडणं तसंच झालं होतं, बिस्किटासकट, त्यामुळे मी गप्प बसते.

दोरीला धरून उतरलो. तीन मीटर, पाच, सात. काकूंनी गोल केला. मी गोल केला. समोर खडकाच्या खोबणीत एक गोबरा तोंड उघडून बसला होता. तोवर गोबरा मी फक्त भावाच्या घरी ताटात पाहिलेला. त्याच्या गालांची उघडझाप बघत होते, तेवढ्यात काकूंनी माझा दंड धरला आणि अंगठा दाखवला.

सहा मिनिटं झाली होती.

वर आलो. होडीत काकूंनी मास्क काढला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बरं वाटेना. धडधडलं." मास्तर म्हणाले, "चांगलं केलंत," आणि लगेच दुसऱ्या जोडीच्या तयारीला लागले. कुणी काही विचारलं नाही. मीही नाही. पण पोटात काय चाललं होतं ते लिहिते. दोन दिवसांची रजा, पावणेचारशे किलोमीटर, दीड वर्ष वाट बघितलेला हंगाम, आणि सहा मिनिटं. संध्याकाळी लॉगबुकात मी लिहिलं: 'डाइव्ह क्र. २३. वेळ ६ मिनिटं.' त्या सहाला मी पेन्सिलनं इतकं गिरवलं की मागच्या पानावर उठलं. तो आकडा अजून तसाच आहे.

रात्री जेवताना डॉक्टरीणबाई काकूंना म्हणाल्या, "एवढे पैसे भरलेत, उद्या तरी पूर्ण करा हं." काकू सोलकढीचा पेला खाली ठेवत म्हणाल्या, "मी फी किती भरलीय ते पाण्याला कुठं माहीत?" सगळे हसले. मी जरा उशिरा हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाक चोंदलेलं होतं. सर्दी असेल तर बुडी मारायची नाही. हा नियम मास्कच्या आधी शिकवतात. मला तो माहीत होता, मी नव्या लोकांना तो सांगितलेलासुद्धा आहे. मी पर्समधून सर्दीची गोळी काढली, बाथरूममध्ये जाऊन घेतली आणि नळ सोडून ठेवला, का ते माहीत नाही. जणू गोळी गिळल्याचा आवाज कुणाला गेला असता. जोडीदार बदलून मागितला. काकू किनाऱ्यावरच थांबणार होत्या, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही.

इथे थोडं शास्त्र सांगते. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण एवढा दाब वाढतो. वर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन. म्हणजे दाब दुप्पट होतो तो पहिल्याच दहा मीटरांत, आणि म्हणून कान दुखतात ते वरच्या पाण्यात, फार खोल नाही. पडद्याच्या आतल्या बाजूची हवा आकसते, पडदा आत खेचला जातो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकलं की घशाकडून कानात जाणाऱ्या नळीतून हवा आत जाते आणि टच्च होतं. सर्दीत ती नळी सुजलेली असते. गोळीनं सूज उतरते, पण गोळीचा अंमल कधी ओसरेल हे घड्याळ लावून ठरत नाही. खाली असताना तो ओसरला तर वर येताना आत फसलेली हवा पसरते आणि तिला बाहेर यायला वाट नसते.

तीन मीटरवर डावा कान उघडेना. हलकेच फुंकायचं असतं, मी जोरात फुंकलं. काहीतरी कळवळून उघडलं. डॉक्टरीणबाईंनी खुणेनं विचारलं, मी गोल दाखवला. बारा मीटरपर्यंत गेलो. पाणी आदल्या दिवसापेक्षा बरं होतं. वाळूत एक पाकट अंगावर वाळू ओढून बसलं होतं, फक्त दोन डोळे बाहेर. एक केंड आमच्याकडे संशयानं बघत निघून गेला. सत्तावीस मिनिटं. मला वाटलं, वसूल झालं.

वर येताना पाच-सहा मीटरवर कानात कुणीतरी पाचर मारावी तसं झालं आणि समुद्र फिरला. म्हणजे खरोखर फिरला. दोरी आडवी झाली, वर-खाली कळेना, आणि मास्कच्या आत खाली काहीतरी साचायला लागलं. खोल पाण्यात लाल रंग आधी जातो. पाच-सहा मीटरवर त्या मालवणी हिरव्यात ते रक्त काळपट तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं दिसत होतं. ते आपलं आहे हे समजायला वेळ लागला. डॉक्टरीणबाईंनी माझ्या बीसीडीचा, म्हणजे सिलिंडर अडकवलेल्या, हवा भरता येणाऱ्या जाकिटाचा, पट्टा धरला, दुसऱ्या हातानं दोरी, आणि डोळ्यांत बघत बसल्या. श्वास घे, सोड. थोडं खाली, परत थोडं वर. किती वेळ गेला माहीत नाही. अंगठा शेवटी त्यांनी दाखवला.

तांडेल मला होडीत ओढून घेताना म्हणाला, "वयनी, नाकातसून रगात येता हा." पर्यटकांच्या होडीतलं एक लहान मूल माझ्याकडे बघत रडायला लागलं.

आमच्या गटात एक जुना वाद आहे, घाटाचा. बुडी मारल्यावर लगेच विमानात बसू नये हे सगळ्यांना माहीत असतं. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो. एका बुडीनंतर किमान बारा तास, दोन-तीन दिवस सलग बुड्या असतील तर अठरा. पण हे विमानाच्या उडण्याबद्दल नसून हवेचा दाब कमी होण्याबद्दल आहे, आणि तो सहाशे मीटर उंचीपासून विचारात घेतात. आंबोली ६९० मीटरवर आहे. म्हणजे मालवणात दुपारी बुडी मारून संध्याकाळी आंबोली घाट चढणारा पुणेकर तिकीट न काढता उडत असतो. गोव्याच्या किंवा मुंबईच्या लोकांना हा प्रश्नच नाही, ते समुद्राकाठीच झोपतात. आमचं घरच वर आहे. नौदलवाले काका वर्षानुवर्षं सांगत होते की शेवटच्या बुडीनंतर एक रात्र खाली काढा. हिंजवडीकर म्हणायचे, सोमवारी नऊला मीटिंग असते काका, आणि आंबोलीत काय आपण राहायला जाणार, दहा मिनिटांत पार होतो.

त्या रविवारी वाद झाला नाही. माझ्याकडे बघून सगळे थांबले. सोमवारी दुपारी निघालो. आंबोलीच्या वळणांवर डाव्या कानात कुणीतरी हळूहळू फुगा फुगवत होतं. गाडीतले पाच जण गप्प. काकूंनी माझ्या मांडीवर आवळासुपारीची डबी ठेवली. त्यांना गोळीबद्दल माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

पुण्यात कानाच्या डॉक्टरांनी पडदा स्क्रीनवर दाखवला. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. "फाटला नाही, नशीब समजा. तीन महिने पाणी बंद. सर्दी असताना का गेलात?" मी म्हटलं, सर्दी नंतर झाली. ते काही बोलले नाहीत, लिहीत राहिले.

तीन महिने म्हटलं, आणि झाले दहा. एप्रिलअखेरीस परवानगी मिळाली तेव्हा समुद्र फिरायला लागला होता. १ जूनला मासेमारी बंद, ती ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढलेल्या, वर नारळाच्या झावळ्या. आमचा हंगाम त्यांच्याही आधी संपतो आणि नंतर सुरू होतो. गुरुवारी मी तलावाच्या काठावर बसून वही सांभाळायचे, कोण आलं, कोणतं सिलिंडर किती बार. रबरी चटया पुसायचे. पावसाळ्यात रेग्युलेटर सर्व्हिसला जातात आणि वेटसूट वाळत नाहीत. माझा मी सवयीनं धुऊन गॅलरीत हँगरला लावला होता; काळा, आखूड, दोन्ही हात लोंबते, वाऱ्यानं हळू फिरणारा. पहाटे समोरच्या आजींनी तो पाहिला आणि त्यांच्या मुलाचा मला फोन आला, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

पावसाळ्यातल्या बैठका अमृततुल्यात. तिथं यंदा विषय एकच, गुलदार. नौदलाचं ते जहाज, १९८५ मध्ये पोलंडमध्ये बांधून आलेलं, २०२४ च्या जानेवारीत अंदमानात निवृत्त झालं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या, एमटीडीसीच्या, ताब्यात आलं. निवतीच्या खडकांजवळ ते बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं, प्रवाळ आणि मासे वस्तीला यावेत, आणि आपल्यासारख्यांनी बघायला जावं, असा बेत. काका त्यावर तासन्‌तास बोलू शकतात. जहाज बुडवायचं म्हणजे आधी ते धुवायचं. तेल, वंगण, वायरी, सैल होणारं सगळं काढायचं, दारं काढून टाकायची, बाजूंना भगदाडं पाडायची म्हणजे आत शिरलेला माणूस कुठूनही बाहेर पडू शकतो. सुमारे चौऱ्याऐंशी मीटर लांब, पुढचं तोंड उघडून रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारं. हिंजवडीतला पोरगा म्हणाला, "टँक न्यायचं जहाज, आणि आता आपण टँक घेऊन त्याला भेटायला जायचं." हा विनोद त्यानं त्या महिन्यात चार वेळा केला. मला स्वतःला गुलदारपेक्षा आंग्रिया बँकेचं वेड आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरवर, चहूकडे नुसता समुद्र, आणि खाली वीसेक मीटरवर प्रवाळाचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथं जायचं कधी जमेल ते जमो. पाऊस पडत असताना त्याच्याबद्दल बोलायला फार बरं वाटतं.

तसाच एक गुरुवार, ऑगस्टातला. गुलदारवरून गाडी सुरक्षिततेवर आली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जानेवारीत मला अजून कळलं नाही, हिचा कान उतरताना उघडला होता तर वर येताना असा का अडकला." त्यांनी सहज म्हटलं होतं. समोर क्रीमरोल होता, मी त्याचे पापुद्रे काढत होते. मी सांगितलं. गोळी, बाथरूम, नळ, सगळं. काकूंमुळे वाया गेलेल्या सहा मिनिटांचा राग आला होता, हेही सांगितलं. काकू शेजारीच बसल्या होत्या.

कुणी काही बोलेना. मग बँकवाले साहेब घसा खाकरून म्हणाले, की त्यांची रक्तदाबाची गोळी गेल्या वर्षी बदलली, ती त्यांनी वैद्यकीय फॉर्मवर लिहिली नव्हती. हिंजवडीतल्या दुसऱ्या पोरानं सांगितलं की कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी त्याला खाली इतकी भीती वाटली होती की तो मनात पाढे म्हणत होता, सतराचा, आणि वर आल्यावर सगळ्यांसोबत 'भारी' म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते लिहीत नाही, त्यांनी लिहू नको म्हटलंय. शेवटी सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तरांनी अजून एक कटिंग मागवला आणि म्हणाले, "मी शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी, विद्यार्थ्याच्या हवेकडे बघता बघता स्वतःचा गेज बघायचा राहिला. वीस बार. त्याला कळलं नाही. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं." अमृततुल्यवाल्यानं दिवे कमी केले तरी कुणी उठेना.

पुढच्या गुरुवारी काकांनी प्रस्ताव मांडला की वहीत 'अंगठा' असा एक रकाना करायचा. कुणी कधी दाखवला, एवढंच. कारणाचा रकाना ठेवायचा नाही. बँकवाल्या साहेबांना हे झेपलं नाही. शेऱ्याचा रकाना नसलेलं रजिस्टर हे रजिस्टरच नव्हे, असं त्यांचं चाळीस वर्षांच्या नोकरीचं मत. अर्धा तास चर्चा झाली. शेवटी शेऱ्याचा रकाना आखायचा आणि तो कोरा ठेवायचा, असं ठरलं. ती वही माझ्याकडे आहे. पहिली नोंद मी मागची तारीख घालून केली, काकूंच्या नावावर.

नोव्हेंबरात परत मालवण. जोडीदार मी काकूंनाच मागितलं. पाणी सात-आठ मीटर दिसेल इतकं निवळलेलं. उतरताना मी दर अर्ध्या मीटरला थांबून कान उघडत होते, म्हातारीनं जिना उतरावा तशी, आणि काकू समोर दोरी धरून शांतपणे वाट बघत होत्या. त्यांच्या मनगटाला देवळातला लाल दोरा होता. पाच मीटरवर तो विटकरी झाला, अकरावर जवळजवळ काळा. जुन्या खोबणीत गोबरा होता. तोच का, ते सांगता येणार नाही. काकू त्याच्यासमोर वाळूपासून वीतभर वर अधांतरी थांबल्या, हात छातीशी बांधून, वर्गात मागच्या बाकावर लक्ष ठेवावं तशा.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला त्यांनी माझा दंड धरला आणि अंगठा दाखवला. मी गेज पाहिला. त्यांच्याकडे नव्वद बार होते, माझ्याकडे ऐंशी. अजून निदान दहा मिनिटं निघाली असती. मी अंगठा दाखवला.

पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, दोरीला धरून. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची गंमत अशी की भरलेलं असताना ते पाण्यात किंचित जड असतं. आतली हवा मिळून अडीच किलोंच्या वर भरते, आणि ती संपत आली की तेच सिलिंडर तरंगायला बघतं. पाठीवरून कुणीतरी हळूच वर ओढत होतं. पट्टा पोटावर जरा आवळला गेला. काकू बोटांनी मिनिटं मोजत होत्या, तीन, दोन, एक, आणि त्यांच्या मनगटावरचा दोरा परत विटकरी झाला होता.

डोकं वर आलं. तांडेल वाकून म्हणाला, "बेगीन इलास?"

काकूंनी रेग्युलेटर तोंडातून काढला. "भूक लागली," त्या म्हणाल्या.